सीटखालचा डबा

...सरासरीपेक्षाही कमी! तुम्हाला सांगतो, माझ्या गाडीला, माझ्या गाडीला, सरासरीपेक्षा कमी म्हणाले ते विमा कंपनीवाले! बसा, बसा, बाकावर जागा आहे, बस काही एवढ्यात येत नाही. मला काय म्हणायचं ते म्हणा हो. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो, दिवसाला दहा गिऱ्हाइकं मला नावं ठेवूनच पायरी उतरतात, मी हूं की चूं करत नाही. पण गाडी? अकरा वर्षं रोज सकाळी पुसली, आणि पुसायची तीसुद्धा चष्म्याच्या मऊ फडक्यानं! गाडी चांगली होती हो!

आणि मोडली कशी म्हणाल, तर उभ्या जागी! मी चालवताना ठोकली असती तर मान खाली घालून म्हटलं असतं, चुकलं बुवा. पण मी दुकानात, गाडी आपली इमारतीखाली निवांत. तिसऱ्या मजल्यावरचे लोक घर बदलत होते, त्यांचं लोखंडी कपाट काही केल्या जिन्यात वळेना, म्हणून दोर बांधून बाल्कनीतून खाली सोडायचं ठरलं. वर चार जण दोर धरायला, खाली एक जण "सावकाश, सावकाश" ओरडायला... आणि दोर तुटला! कपाट थेट माझ्या गाडीच्या टाळक्यावर. छत सीटला टेकलं, काचांचा भुगा, पुढची चाकं दोन दिशांना. आणि कपाटाला काय झालं असेल? काही नाही! उलट त्याचं एक दार सात वर्षं अडकत होतं ते मोकळं झालं. त्या घरच्या वहिनी मलाच दाखवतात, "बघा ना भाऊ, आता कसं अलगद उघडतं!" यावर माणसानं काय बोलावं?

गॅरेजवाला आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि डोक्यावरची टोपी काढली. म्हटलं, अहो टोपी कसली काढताय, मीटर काढा, पाने काढा! तर म्हणतो, "साहेब, टोटल लॉस. दुरुस्तीच्या खर्चात दुसरी येईल." बरं बुवा. विमा कशासाठी भरतो आपण? एक हप्ता चुकवलेला नाही मी. आणि मला त्या पैशांत काही बंगला बांधायचा नव्हता, मला फक्त तसलीच गाडी पुन्हा हवी होती, जुनी का असेना. कारण आमची आई. तिचे गुडघे गेलेत. हल्लीच्या बुटक्या गाड्यांत तिला बसवायचं म्हणजे आधी वाकवा, मग ढकला, आणि उतरवताना दोघांनी ओढा. या गाडीची सीट मात्र नेमकी तिच्या उंचीची. टेकली, पाय आत घेतले, झालं! आठवड्यातून दोनदा तिला गुडघ्यांच्या व्यायामाला न्यावं लागतं. गाडी मोडल्यापासून म्हणायला लागली, "नाही रे दुखत फारसं." आई असं म्हणाली की समजायचं, फार दुखतंय.

आणि कंपनीचं पत्र आलं. बाजारात तसल्या गाडीला जे पडतात त्याच्या निम्मे देतो म्हणे. निम्म्या पैशांत आणू काय मी? गाडीची डावी बाजू?

गेलो तरातरा त्यांच्या ऑफिसात. खिडकीमागे एक बाई, समोर फायलींचा ढीग, आणि त्यांच्या चष्म्याची एक काडी वाकडी. तुम्हाला सांगतो, भांडायला गेलेला माणूस मी, पण सगळं लक्ष त्या काडीकडे! तरी आवाज चढवून म्हटलं, "मॅडम, हा अन्याय आहे, गाडी चांगली होती हो!" त्यांनी शांतपणे फाइल काढली. म्हणाल्या, "आमच्या सर्व्हेअरचा अहवाल वाचते. डॅशबोर्डवर मालकाच्या हस्ताक्षरात चिठ्ठी : ब्रेक उशिरा लागतो, जपून." मी पुन्हा त्या काडीकडे बघायला लागलो. "पुढच्या सीटखाली पत्र्याच्या डब्यात सुटे नट-बोल्ट, एकूण तेवीस." "इमारतीतल्या पाच रहिवाशांच्या सह्या : गाडी धोकादायक आहे असं मालक स्वतःच सांगत असत. शिवाय मालकाचे मेहुणे लिहून देतात : माझे दाजी अकरा वर्षं जीव मुठीत धरून ही गाडी चालवत आहेत, मला रात्रंदिवस त्यांची काळजी वाटते." आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणतात, "आता तुम्हीच सांगा."

काय सांगू? त्यांना काय सांगू!

आता तुम्हाला म्हणून सांगतो. ती चिठ्ठी मीच चिकटवलेली. तो डबाही माझाच. आणि त्यातला एकही नट गाडीचा नव्हता, ते मी भंगारवाल्याकडून वेगळे विकत आणले होते, चांगले निवडून, आवाज बघून! का? गाडी घेतली त्याच आठवड्यात आमच्या मेहुण्याचा फोन. म्हणजे आमच्या हिचा धाकटा भाऊ, फार गोड माणूस, तेच तर दुखणं. "दाजी, रविवारी गाडी मिळेल का हो?" आता नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि हो म्हणायचं तर गाडी त्याच्या हातात. तोंडून निघून गेलं, "अरे दिली असती रे, पण ब्रेकचं जरा..." झालं! खोटं एकदा बोललं की त्याला रोज तेलपाणी करावं लागतं. मेहुण्याला सांगितलं म्हणून शेजाऱ्यांना सांगावं लागलं, शेजारी कधी आत बसलेच तर खरं वाटावं म्हणून सीटखाली डबा आला. वळण आलं की खुळखुळ खुळखुळ, आणि शेजारचा माणूस दाराची मूठ धरून डोळे मिटून घ्यायचा. अकरा वर्षं! एकानं गाडी मागितली नाही. मी आपला खूश, काय डोकं चालवलं म्हणून! स्वतःच्या गाडीची इतकी बदनामी वैऱ्यानंही केली नसती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

बाई म्हणाल्या, "सर्व्हिसची बिलं आणा. तसल्याच गाड्यांच्या विक्रीच्या तीन जाहिराती आणा. आणि या सहाही जणांकडून लेखी आणा की गाडीबद्दल त्यांचा गैरसमज झाला होता." बिलं माझ्याकडे तारीखवार फाइल केलेली, ब्रेकची तर सगळ्यात जास्त. जाहिराती गॅरेजवाल्यानं शोधून दिल्या. पण तिसरं? आमची ही म्हणाली, "जा आता दारोदार. अकरा वर्षं सांगत होते, माझ्या भावाशी असं वागू नका." ती सांगत होती खरी. मी ऐकत नव्हतो.

तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांना सगळं सांगितलं. "म्हणजे माझा पाय मोडला तेव्हा तुम्ही गाडी काढली नाहीत, ती ब्रेकमुळे नव्हे?" म्हटलं, "मास्तर, तेव्हा नुकतीच धुतली होती." "मी टेम्पोतून गेलो! प्लास्टरचा पाय बाहेर लोंबत होता!" तरी सही केली हो त्यांनी. पण माझ्या मसुद्यातल्या चार चुका आधी लाल शाईनं सुधारून, खाली शेरा मारून : 'वर्तन असमाधानकारक.' तो कागद तसाच कंपनीत गेला.

पाचही घरं अशीच फिरलो, शिव्या खाल्ल्या, सह्या आणल्या. राहिला मेहुणा. त्याच्या घरी गेलो, पाणी प्यालो, घसा खाकरला, म्हटलं, "अरे, ते ब्रेकचं..." तर मला बोलूच देईना! "दाजी, गाडी गेली ते बरंच झालं, तुम्ही वाचलात!" आणि उठून आत गेला, एक खोकं घेऊन आला. त्यात काय असावं? ब्रेकचे पॅड! नवे कोरे! "तुमच्या वाढदिवसासाठी घेऊन ठेवले होते. हप्त्यावर. आता उपयोग नाही म्हणा."

मला रडू आलं. खरंच सांगतो, त्याच्या पोरांसमोर, भर बैठकीत. या माणसानं पोराबाळांना घेऊन अकरा वर्षं बसच्या रांगेत काढली आणि वर काळजी कुणाची केली, तर माझी! लाज वाटली हो मला स्वतःची.

सांगून टाकलं सगळं. तो म्हणाला, "म्हणजे ब्रेक लागत होता?" म्हटलं, लागत होता. "पहिल्यापासून?" पहिल्यापासून. "आणि लोक सांगतात तो खुळखुळाट?" डबा. "कसला डबा?" म्हटलं, बिस्किटांचा. त्यानं खोक्यावर हात ठेवला... मला वाटलं, आता ते पॅडचं खोकं बसतं माझ्या डोक्यात... आणि हसायला लागला! इतका हसला की पोरांनी त्याला पाणी आणून दिलं. मग कागद ओढला आणि स्वतःच्या मनानं लिहिलं : 'या गाडीत मी आजवर एकदाही बसलेलो नाही. ही गाडी खरोखर खराब असती, तर दाजींनी ती मला पहिल्याच रविवारी दिली असती.'

त्या खिडकीवरच्या बाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, शेजारच्या टेबलावर वाचायला दिलं. अख्खं ऑफिस हसत होतं आणि मी मधे उभा, कान लाल! पण फेरतपासणी झाली, 'सरासरीपेक्षा कमी'वर काट मारून 'उत्तम' लिहिलं, आणि पैसे मंजूर, पूर्ण! सही झाल्यावर मी म्हटलं, "मॅडम, तो चष्मा द्या जरा," आणि काडी सरळ करून दिली. आधी सही, मग काडी. उगाच कुणी लाच म्हणायला नको.

आणली गाडी! तसलीच, तोच रंग, तीच सीट. आई टेकली, पाय आत घेतले, म्हणाली, "आता खरं सांगते, फार दुखत होतं रे." मी म्हटलं, जिंकलो!

जिंकलो कसला? अहो, माझ्या गाडीचे ब्रेक उत्तम होते हे सहा घरांनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलंय! आता मी कुठल्या तोंडानं सांगू की हिचे लागत नाहीत? मास्तरांनी जिन्याखाली फळा टांगलाय, त्यावर वेळापत्रक. सोमवार-गुरुवार आईचा व्यायाम, बुधवार मास्तर, शनिवार तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, हो, कपाटवाल्या, त्या फक्त पलीकडच्या जिन्यात राहायला गेल्यात! माझा वार मंगळवार. आणि मंगळवारी आमचं दुकान बंद असतं, मला कुठं जायचंच नसतं. रविवार मेहुण्याचा. त्यानं फोन केला, "दाजी, रविवारी..." मी तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून, "ब्रेक लागतो ना?" काय म्हणणार? म्हटलं, लागतो बाबा.

अहो, अहो, ती बघा! ती पांढरी, वळणावरची! चालवतोय तो मेहुणा, मागे त्याची बायको, दोन पोरं, आमची ही, आणि पुढे आई! हात हलवतेय बघा मला! आई, ए आई!... आत जागा उरली नाही, म्हणून मी बसनं. बघा, कुणी आजोबा रस्ता ओलांडतायत, कशी थांबली? जागच्या जागी! वीतभर पुढे गेली नाही! आणि आवाज? नाव नको!... गेली.

गाडी चांगली आहे हो. दर रविवारी इथूनच बघतो ना मी.