डब्यातली सुगनबाई

आईची शपथ घेऊन सांगतो भाऊ, शब्दन् शब्द खरा शे — म्हणजे धुळ्यात घडलं तेवढं खरं, तिथून एसटीत बसून जळगावला येईपर्यंत पारोळ्याला-एरंडोलला त्यात काय चढलं-उतरलं, त्याला मी जबाबदार नाही. बसा ना. तुमची हार्डडिस्क काही पळून जात नाही, तिला पळताच येत नाही हाच तर तिचा आजार. ऐका — कर्र… टक्. कर्र… टक्. हा आवाज आला की समजायचं, आतली तबकडी चिकटली. उपाय? आहे की. चापट. हसू नका, मुंबईचे मोठे इंजिनियरही हेच करतात, फक्त दार लावून. बरोबर जागी एकच चापट, ती फिरायला लागते, मग बंद पडायच्या आत आतला माल दुसरीकडे उतरवून घ्यायचा. एवढं साधं. पण धुळ्याच्या निर्मलकुमार शेटकडे वना गेला आणि —

कोण वना? आहे एक कारागीर. बाहेरच्या पाटीवर? तो वना वेगळा. खानदेशात वने काय कमी आहेत?

तर शेट. डाळीचे व्यापारी. माणूस इतका अहिंसक, की मुंगी दिसली तर स्वतः वळसा घालणार, दिवस मावळला की जेवण बंद. दुकानात एक कॉम्प्युटर, गोदामात एक, म्हणून ही बाहेरून जोडायची डिस्क — पिशवीत घालून इकडून तिकडे न्यायची, जेवणाच्या डब्यासारखी. हिशेब होते म्हणता? छे हो, हिशेब बठ्ठे, सगळेच्या सगळे, तोंडपाठ, ते गेले असते तर शेटनी हूं की चूं केलं नसतं. त्या डब्यात त्यांची आई होती. सुगनबाई. दिवाळीत नवा माइक तपासायला म्हणून शेटनी तिचं बोलणं भरून ठेवलं, काय बोलली तेही धड ऐकलं नाही — आणि संक्रांतीच्या आत म्हातारी गेली. फोटो ढीगभर. आवाज तेवढाच. फ्लॉपीत मावत नाही एवढी मोठी फाइल. आणि डबा म्हणतोय कर्र, टक्.

वनाने डबा कानाला लावला, जागा बघितली आणि हाणली. फाट्! फिरली की! घूंऽऽ करून. वना खूश होऊन वर बघतो तर शेट पांढरेफटक. "माझ्या आईला मारलंस?" वना म्हणे, "शेट, मी तुमनी मायले नई मारं, डबाले मारं!" — वाक्य पुरं व्हायच्या आत कानाखाली. जन्मात पहिल्यांदा उचललेला हात, भाऊ — आयुष्यभराचा साठा होता तो, एकदम निघाला. त्यात बोटात जळगावची तोळ्याची अंगठी. दात गेला. तोंडात गरम, खारट, जिभेला एकदम मोकळी जागा लागते आणि वाटतं हे तोंड आपलं नाहीच — असं वना म्हणाला. माझ्याकडे काय बघताय? माझा हा ऊस खाताना गेला.

वना टेबलावर आपटला, वायर निघाली, डबा थांबला. पुन्हा चिकटला. आता करता काय? चापट मारल्याशिवाय डबा फिरत नाही, आणि चापट मारली की शेट मारतो. बरं, ऐकायचं तर त्यालाच होतं — रडतोय आणि ओरडतोय, "चालू कर, चालू कर!" वनाने डब्याला हाणली. शेटने वनाला हाणली. डब्याला एक, वनाला एक. हमाल धावत आले, त्यांना वाटलं चोर सापडला, त्यांनीही हात धुऊन घेतले. एकाने तर दोन किलोचं लोखंडी माप घातलं पाठीत. आणि शेट? प्रत्येक तडाख्यानंतर हात जोडतो — "मिच्छामि दुक्कडम्, वनाभाऊ" — क्षमा मागतो आणि पुन्हा घालतो! बरगडी मोडली. पण डबा फिरला. रक्ताळल्या बोटाने मी बटण दाबलं — वनाने दाबलं. कॉपी सुरू. निळी पट्टी सरकतेय, तिकडे तीच फाइल स्पीकरवर लावलेली. सगळे जिथल्या तिथे. हमालाच्या हातातलं माप वरच्या वर. आणि म्हातारी बोलली —

"बंद कर रे निर्मल, फालतू लाइट बळे है."

फुकट लाइट जळतेय, बंद कर, म्हणे. आणि त्याने केली हो बंद! आयुष्यभराची सवय. "हो आई" म्हणाला, उठला, भिंतीवरचं मेन बटण — खट्. पट्टी अर्ध्यावर. त्यानंतर त्या डब्याने कर्रसुद्धा केलं नाही.

मग वनाने ते दोन किलोचं माप हमालाच्या हातातून घेतलं. पुढचं मी सांगत नाही. शेटचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, एवढंच ऐकून आहे.

तर तुमची करू ना सुरू? आधी विचारलेलं बरं — आत काय आहे? नुसत्या फाइली? मग डोळे का पुसताय? …कोण? …अच्छा. वडील.

मग रेट वेगळा. त्या बटणापासून लांब उभे राहा. पाचशे, आणि आधी — नंतर मागायला तोंड राहत नाही. ठेवा इथं.

आणि ती अंगठी काढा.