गुल्हाने सर आणि कंप्युटर

कंप्युटरचं नाव निघालं का मले आमचे गणिताचे गुल्हाने सर आठवते. पंच्याऐंशीच्या आसपास आमच्या सिंदीच्या शाळेत पहिला कंप्युटर आला. आमी सारे मास्तरलोक त्याच्याभोवती जमलो, अन् सर दारातूनच बोलून राह्यले, “वर्गात याचं काय काम, बाप्पा? मास्तर पोराचं तोंड पाहून त्याले ओळखते. हे डबडं कोनाले ओळखन?”

ट्रेनिंग करून आलेल्या काळे बाई म्हनल्या, “सर, तुमचं नाव तर टाइप करून पाहा.”

सरांनी आत येऊन एकेक अक्षर शोधून नाव टाकलं. बाईंनी बटन दाबलं. आज्ञा समजली नाई का ते मशीन एकच शब्द दाखवे. सरांच्या नावाखाली तोच उमटला, ‘मिस्टेक’.

कोनी हासलं नाई. सर चष्मा पुसत बसले.

बाई हळूच म्हनल्या, “पाहा सर, पहिल्याच भेटीत ओळखलं.”