समुद्रात गेलेला टॉवेल

जहाजाच्या स्वागतकक्षापाशी रांगेत माझ्यापुढे साठीचं एक जोडपं उभं होतं.

"टॉवेल वाऱ्याने उडाला, मान्य. पण नुसत्या टॉवेलवर बाल्कनीत गेलात कशाला?"

"समुद्र बघायला."

"समुद्र काय पळून चालला होता?"

"अगं, मागून दार लागलं. तू आंघोळीला. मग शेजारच्या बाईंना हाक मारली."

"आणि त्यांचा फुलाफुलांचा गाऊन घालून आलात!"

"मग काय तसाच येऊ?"

"त्या म्हणाल्या, तुम्ही रोज सकाळी बाल्कनीत असता."

"बरं बाई, खरं सांगतो. त्यांच्याशी गप्पा मारायला जातो."

"तसं असतं तर चाललं असतं हो मला! पण गप्पांचा वास मिशांना येत नाही. छातीचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेत. माझ्या डोक्यावर हात ठेवून सिगारेट सोडलीत ना?"

एवढ्यात त्यांचा नंबर आला.

"बोला, काय हवंय?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"एक टॉवेल द्या." त्यांनी खिशातून सिगारेटचं पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. "आणि हे टाकून द्या."

"आणि मोज्यातलं?" बाई म्हणाल्या.

ते बूट काढायला वाकले.