ठिगळांचा केक

—नाही, त्या खुर्चीत नको, तिचा मागचा पाय लुळा आहे, माहीत नसलेलं माणूस हमखास पडतं. इकडे ओट्याजवळ स्टूल घ्या. हं. अडचण कसली, उलट बोलायला कुणी असलं की माझा हात भरभर चालतो—आणि चिरंजीव यायला अजून वेळ आहे, तुम्हीच जरा लवकर आलात. माफी कशाला मागता, बरं झालं की. एरवी तो पुढे, पाहुणे त्याच्या मागे, आणि मी आपली एप्रनला हात पुसत हसत उभी. तर तुम्ही त्याच्या ऑफिसातल्या, नाही का? मान हलवलीत, म्हणजे हो. ठीक आहे. ऑफिसातल्या.

तो डबा द्या जरा इकडे. पीचचा, हो, तोच. ताजी फळं घेऊन करणारे करतात, पण ती सोला, चिरा, आंबट निघाली की बसा कपाळाला हात लावून—त्यापेक्षा डबा बरा. ह्यात काही अवघड नाही हो. ज्याला धड अंडं फोडता येत नाही त्यालाही जमेल, कारण ह्यात अंडंच नाही. लोणी भांड्यात टाकून भांडं ओव्हनमध्ये ठेवलंय मी, ओव्हन तापता तापता ते वितळतं. तोवर इकडे मैदा, साखर, बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, दूध—असं सैलसर करायचं, दोनचार गुठळ्या राहिल्या तरी काही बिघडत नाही. हे त्या वितळलेल्या लोण्यावर ओतायचं आणि ढवळायचं नाही. वरून पीच, डब्यातला निम्मा पाक, आणि तरीही ढवळायचं नाही. लोकांचे हात शिवशिवतात तिथेच. खालचं पीठ आपलं आपण वर येतं, फोडींच्या मधल्या फटींतून, आणि ठिकठिकाणी फुगून बसतं. पुस्तकात ह्याला कॉब्लर म्हणतात. आमच्याकडे ठिगळांचा केक. नाव त्यानेच ठेवलं, माझ्या मुलाने, तेव्हा तो एवढासा होता—ह्या ड्रॉवरच्या मुठीला डोकं लागायचं त्याचं.

त्याचे वडील गेले त्या वर्षीची गोष्ट. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये लागले होते. पोचे आलेले डबे तिथे गिऱ्हाइकाला वाढत नसत, मग आमचे स्वयंपाकघरातले मुख्य आचारी ते बायकांना घरी न्यायला सांगायचे. मुलगा जेवत नव्हता. म्हणजे बसायचा ताटावर, पण वडिलांच्या खुर्चीकडे बघत घास तोंडात तसाच ठेवायचा—गिळायचा नाही, थुंकायचाही नाही. मी रागावून बघितलं, लाडीगोडी करून बघितलं. मग एके दिवशी पोचा आलेला पीचचा डबा आणला आणि हे केलं. ओव्हनच्या काचेपुढे तो गुडघ्यांवर बसून राहिला, आणि बऱ्याच वेळाने ओरडला, आई, एक ठिगळ आलं वर. मग दुसरं आलं, तिसरं आलं. भांड्यातूनच चमच्याने निम्मं संपवलं त्याने, जीभ भाजली तरी थांबेना. मी तिथे उभी, मला हसावं का रडावं कळेना. त्यानंतर मग आमचं ते ठरूनच गेलं—पेपरात कमी मार्क पडले, मित्राशी भांडण झालं, की आई, ठिगळं कर ना.

तर सांगायचं म्हणजे, एवढी वर्षं गेली, लग्न झालं, बिऱ्हाड तिकडे पार दुसऱ्या टोकाला, यायचा तेही गाडीची किल्ली हातात खेळवत, दारातल्या दारात. आणि एक दिवस फोन. आई, रविवारी माझे मित्र यायचेत, घर दाखवतो त्यांना आपलं, तू ठिगळं करशील का. मी करशील का म्हणजे काय म्हटलं, फोन ठेवला आणि तुम्ही बसलात ना, त्याच स्टुलावर बसून रडले. आनंदाने हो. वाटलं, ह्याला आठवतंय. बायकोला नाही, मुलांना नाही, कुणाला न सांगता ह्याने कुठेतरी जपून ठेवलंय ते.

आले की मित्र. नवराबायको, चांगली माणसं, दोनदा मागून खाल्लं. पुढच्या रविवारी आणखी दुसरे. मला तर चेव आला. मी त्याला विचारलं, अरे एवढी माणसं येतात, पुढच्या खोलीचे पडदे किती विटलेत, नवे शिवू का? शिव ना, म्हणाला. छान होईल, म्हणाला. मशीन माळ्यावरून काढलं, तेल घातलं, मान मोडेस्तोवर बसून पाचही खिडक्यांचे शिवले. ते काय, येताना बघितलेच असतील तुम्ही. निळे. सगळ्यांना आवडतात. त्या पाहुण्यांत एक गृहस्थ होते, ते मिनिटामिनिटाला उठून संडासात जात आणि पाणी ओढून परत येत. मला वाटलं, पोट बिघडलंय बिचाऱ्यांचं. मी त्यांना केक वाढलाच नाही, नुसता कोरा चहा दिला आणि म्हटलं, आज लंघन करा. ते माझ्याकडे असे बघायला लागले—आणि आमचे चिरंजीव खिडकीबाहेर.

हसू नका. नाही, हसा, मलाही आता हसू येतं त्याचं.

भांडं काढते हं बाहेर, सरका थोड्या. बघा लोणी कसं तडतडतंय कडेला. हे ओतलं. आता पीच. एकेक फोड अशी अलगद सोडायची. तुमचे हात स्वच्छ असले तर तुम्हीही सोडा—हो, तसंच. बरं जमतं की तुला. तू म्हटलं, राग नाही ना? माझ्या सुनेहूनही लहान दिसतेस. तिने कधी हात लावला नाही ह्याला, तिला गोड चालत नाही.

तर त्याच दिवशी त्या पोटवाल्या गृहस्थांची बायको इथे आली, स्वयंपाकघरात. ओव्हनच्या दाराला हात लावून म्हणाली, छान आहे हो, हा तुम्ही नेणार की इथेच ठेवणार? मी म्हटलं, कुठे नेणार? तर ती बाई एकदम लालबुंद झाली आणि चमचे कुठे ठेवलेत म्हणून शोधायला लागली. चमचे तिच्या पुढ्यात होते.

मला तेव्हाही उमगलं नाही, बघ. माणूस किती जाड डोक्याचं असावं. ते गेल्यावर तो मागच्या पायरीवर उभा राहून फोनवर बोलत होता, आणि ही खिडकी उघडी होती. म्हणाला, एजंट बरोबर सांगत होता, घरात काहीतरी भाजल्याचा वास असला ना की लोकांना लगेच घर आपलं वाटतं. म्हणाला, आई खूश आहे, तिला वाटतं पाहुणे येतायत.

हे मला तुला सांगायचं नव्हतं. ठरवलं होतं कुणाला सांगायचं नाही. बस, उठू नकोस, बस म्हणते. तू ऑफिसातली नाहीस हे मला दार उघडलं तेव्हाच कळलं, ऑफिसातलं माणूस आधी माणसांकडे बघतं, तू छताकडे बघितलंस. तुझ्यावर माझा राग नाही. तुला घर हवंय, त्यात चुकीचं काय? मी सांगते तुला खरं, घर चांगलं आहे. मागच्या खोलीत थंडीत ओल येते एवढंच, तिथे कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नकोस.

दे ते भांडं, आत ठेवते. आता पाऊण तास. दार उघडून बघायचं नाही मध्ये.

मी काय केलं विचारतेस? काहीच नाही केलं. पुढच्या रविवारी परत केक केला. म्हटलं, आज सांगेल. मुद्दाम विषय काढला—अरे, यंदा छपराचं काम करून घेऊ या का? बघू, म्हणाला. त्याच्या पुढच्या वेळी मी केक करपवला. हो, जाणूनबुजून, घरभर धूर झाला, म्हटलं आता येऊ दे वास. तर पाहुणे म्हणतात, खमंग लागतंय. आणि ह्याने काळं काळं खरवडून स्वतःच्या बशीत घेतलं आणि म्हणाला, आईच्या हाताला जी चव आहे ना. लहानपणी खोटं बोलला की कान लाल व्हायचे त्याचे, वर्गातल्या बाईसुद्धा ओळखायच्या. मी बघितलं नीट. कान जसेच्या तसे होते.

आणि मला सांग, मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का? घर त्याच्या नावावर मीच केलं, तो कमावता झाल्यावर, स्वतःहून. आई, मला अडचण आहे, घर विकावं लागेल, एवढं म्हटलं असतं तर मी स्वतः भांडी बांधायला घेतली असती. ह्या भिंतींचं मला काय. पण माझ्याच हाताने, ते—त्याचं ते जे होतं, ते माझ्याकडून करवून घ्यायचं, आणि त्याचा वास—

असू दे. तू रडतेस कशाला? तुला काय झालं?

काय सांगितलंय त्याने तुला? नाही, सांग. मी त्याला बोलणार नाही. विसरभोळी? मी? काय म्हणाला नेमकं—आईला आता फारसं लक्षात राहत नाही, घर सोडायचं म्हटलं की बिथरते, म्हणून तिच्यासमोर विषय नको, मित्र म्हणून या. असं. म्हणजे ते सगळेच, ते पडदे बघणारे, ते कोरा चहा पिणारे, सगळे मला वेडी म्हातारी समजून गोड बोलत होते.

साखर घातली का ग मी? घातली ना? तू बघितलंस. हो, घातली, डबा इथेच उघडा आहे. बघ, मलाच शंका यायला लागली.

आणि मी कुठे जाणार म्हणाला? त्याच्याकडे असेल. मागची एक खोली आहे त्यांची, इस्त्रीचं टेबल असतं त्यात. नाही? मग? बोल ना, इतकं बोललीस तर पुढचंही बोल. संस्था. कसली संस्था? हं. समजलं. जागा बघून ठेवलीय. बाग आहे म्हणाला का. बरं. बाग आहे तर.

नाही, पाणी नको. तू बस खाली.

नवऱ्याच्या मरणानंतर एवढी वर्षं मी कधी, कुणापुढे—कँटीनमध्ये कढईभर तेल हातावर सांडलं तेव्हासुद्धा मी आधी गॅस बंद केला आणि मग आई ग म्हटलं. आणि आता एका अनोळखी पोरीकडून ऐकतेय की मला कुठे ठेवणार आहेत. तो मला कधी सांगणार होता? सामान गाडीत चढल्यावर? की चल आई, फिरायला जाऊ, असं म्हणून?

वास आला बघ. येऊ लागला. ठिगळं वर यायला लागली असतील. जा, बघ काचेतून, मला वाकता येत नाही हल्ली. आली? किती? बरं. सगळी येऊ देत.

ही त्याचीच गाडी. फाटकाशी लावतो नेहमी. तोंड पूस आधी, तिथे टॉवेल आहे. तू काही बोलू नकोस, मीच बोलते. एकच विचारते त्याला. शेवटचं.

—ये. आलास? चपला काढ, फरशी पुसलीय. हो, ह्या आल्यात केव्हाच्या, आम्ही गप्पा मारत होतो. कोण रे ह्या? मला नाव विचारायचंच राहिलं. नाही, त्यांच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघून सांग. कोण आहेत ह्या?

ऑफिसातल्या.

अच्छा.

ताई, तुम्ही निघा आता. नाही, थांबू नका केकसाठी. आणि तू कुठे चाललास त्यांना सोडायला? त्यांना वाट माहितीये, त्यांचं घर बघून झालंय.

तू बस.

बस म्हणते ना.