डाव्या पायाखाली

(एख्टरनाख गाव, लक्झेंबर्ग. पेन्टेकोस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवार, दुपार; उद्या संताच्या कबरीपर्यंत पाच-पाच जणांच्या ओळींनी, एकमेकांत रुमाल धरून, डावीउजवीकडे उड्या मारत जायची मिरवणूक. स्वयंपाकघरात खुर्चीवर लिओनी. तिचा उघडा उजवा पाय समोरच्या स्टुलावर, शेजारी गोठवलेल्या मटारची पिशवी. तिचा नवरा फ्रेन्झ काठी टेबलाला टेकवून पुढ्यात बसलेला.)

लिओनी : नुसता बघत काय बसलायस? कापूस घे, रंग पूस.

फ्रेन्झ : आधी मला सांग, तू नखं कधीपासून रंगवायला लागलीस? आपल्या लग्नातसुद्धा रंगवली नव्हतीस.

लिओनी : लग्नात बंद बूट होते.

फ्रेन्झ : उद्याही बंदच घालणार आहेस.

लिओनी : पूस म्हटलं ना. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, रंग तसाच ठेवून तापलेली तार लावलीत तर भडका उडेल.

फ्रेन्झ : तार! अगं, सरळ दवाखान्यात जाऊ.

लिओनी : आज, सुट्टीच्या दिवशी? संध्याकाळपर्यंत बाकावर बसवतील आणि मग सांगतील, बाई, उद्या घरी बसा. एवढं ऐकायला कशाला जायचं? बाईंनी सगळं विचारलं. अंगठा वाकतो का? वाकतो. नख फाटलंय का? नाही. साखरेचा आजार? नाही. मग म्हणाल्या, नखाखाली रक्त साठलंय, त्याला वाट करून द्या, ठणका उतरेल. नाही उतरला तर मुकाट्याने इकडे या.

फ्रेन्झ : आणि वाट मी करून द्यायची.

लिओनी : उजवा हात धडधाकट आहे तुझा. बिअरचा ग्लास उचलताना कधी थरथरलेला पाहिला नाही मी.

फ्रेन्झ : तू स्वतःच का नाही करत?

लिओनी : माझं पोट मध्ये येतं. झालं समाधान? पूस.

फ्रेन्झ : पुसतोय, पुसतोय… अरे देवा! लिओनी, हे काळंठिक्कर पडलंय. आणि हे झाकायला तू लाल रंग फासलास?

लिओनी : पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट पडला, सांगितलं ना. तळघरात. तू उगाच घर डोक्यावर घेशील म्हणून लावला रंग.

नेटी : वहिनी, आत येते गं! दार उघडंच होतं. अगं बाई, हे काय! हा पाय घेऊन उद्या मिरवणुकीत उड्या मारणार तू?

लिओनी : पाय घरी ठेवून कशा मारू, नेटी?

नेटी : मस्करी नको. मला आता कळायला हवं. आपल्या ओळीत पाच जण, त्यातले तुम्ही दोघं डळमळीत. बेकरीवाल्याच्या जुळ्या पोरी सकाळपासून विचारतायत, जागा आहे का म्हणून.

लिओनी : नाहीये जागा. आम्ही आहोत.

फ्रेन्झ : आम्ही नाही आहोत.

नेटी : हे बघ वहिनी, रागावू नकोस. हिवाळ्यात अर्धांगाचा केवढा झटका येऊन गेला दादाला. त्याचा तो डावा पाय अजून लाकडासारखा. यंदा त्याला रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून देऊ. आमची ओळ आली की आम्ही रुमाल हलवू.

फ्रेन्झ : मी इथेच बसलोय, नेटी.

लिओनी : एकदा खुर्ची टाकली ना, की मग दरवर्षी टाकतील. पुढल्या वर्षी वर ब्लँकेट घालतील. तू जा, रुबार्बचा केक ठेवलाय फळीवर, एक तुकडा घेऊन जा. त्या पोरींना सांग, दुसरी ओळ शोधा.

नेटी : दोघांचं एक ठरू दे आधी. मी संध्याकाळपर्यंत थांबते. येते.

लिओनी : गेली. केक मात्र अर्धा नेलान. चल, पकडीत पिन धर, गॅस लाव. टोक लालभडक होऊ दे.

फ्रेन्झ : आधी आलुबुखाराच्या दारूने पुसून घेऊ का?

लिओनी : ती प्यायला ठेव. साबणाने धुतलाय, औषधाच्या स्पिरिटने पुसून वाळवलाय. टोक नुसतं टेकवायचं. दाबायचं नाही.

फ्रेन्झ : थांब. पाय जरा उजेडात घे.

लिओनी : आता काय?

फ्रेन्झ : क्रेटला कोपरे असतात. हा वण बघ. चंद्रकोरीसारखा, नखापासून पार शेजारच्या बोटापर्यंत. ही टाच आहे.

लिओनी : पिन लाल झाली.

फ्रेन्झ : माझ्या बुटाची टाच आहे. काल गॅरेजमध्ये, सराव करताना. तू माझ्या डाव्या हाताला होतीस.

लिओनी : फ्रेन्झ, ती पिन थंड होतेय.

फ्रेन्झ : मीच ना?

लिओनी : हो, तूच! सगळे उजवीकडे उडालो, तू अजून डावीकडेच चालला होतास. उतरलास तो थेट माझ्यावर. झालं? आता आधी टेकव, मग भांड.

फ्रेन्झ : नेटीला कळव, त्या पोरींना घे म्हणावं. बायकोचे पाय तुडवत मला संताच्या कबरीपाशी पोचायचं नाही.

लिओनी : टेकव म्हटलं ना!

फ्रेन्झ : अंगठा हलवू नकोस. हा… वास येतोय बघ. जळक्या शिंगासारखा.

लिओनी : आई गं! थांब… अरे! अरे, गेलं! पिळून काढावं तसं गेलं. कापूस दे, कापूस, रक्त फरशीवर सांडेल.

फ्रेन्झ : दुखलं?

लिओनी : कालपासून आत्ता पहिल्यांदा दुखत नाहीये. बस चालवण्यात उगाच आयुष्य घालवलंस तू. आता वरून पट्टी बांध, सैल. उद्या तो जुना बूट घालीन, पुढून कापलाय मी.

फ्रेन्झ : बूट कापून मोकळी झालीस? कधी?

लिओनी : सकाळी. तू झोपला होतास. ऐक, उद्या बँड वाजायला लागला की मी आपल्या दोघांमधल्या रुमालाला आधीच झटका देईन. झटका बसला की उडायचं. ऐकायचं नाही, मोजायचं नाही. नेटीला नाही जमणार ते. त्या पोरींना तर नाहीच.

फ्रेन्झ : तू ओरडली का नाहीस काल?

लिओनी : ओरडले असते तर तू पुन्हा उडाला असतास? आणि तुला कळलंही नव्हतं. लाकडाला काय कळणार?

फ्रेन्झ : कळलं होतं.

लिओनी : काय?

फ्रेन्झ : पायाखाली काहीतरी मऊ आलं. मला वाटलं, पायपुसणं असेल. मग तुझं तोंड पांढरं पडलेलं पाहिलं. विचारायची हिंमत झाली नाही. तू क्रेट म्हणालीस, मीही क्रेट म्हणालो.

लिओनी : परत सांग.

फ्रेन्झ : चुकलं माझं. काल रात्रीच बोलायला हवं होतं…

लिओनी : ते नाही रे! मऊ आलं, ते. कुठल्या पायाखाली?

फ्रेन्झ : डाव्या.

लिओनी : डाव्या! डॉक्टर काय म्हणाले होते? त्या पायात जाणीव परत येईलच असं नाही, आशा धरू नका. आणि तू माणूस आहेस की कोण? काल माझ्या अंगठ्याचा चुरा करून तुला हे कळलं, आणि गप्प बसलास?

फ्रेन्झ : मला वाटलं, भास असेल.

लिओनी : बूट काढ. मोजाही काढ. डावा.

फ्रेन्झ : आता? आधी नेटीला कळवू ना, आहोत म्हणून.

लिओनी : कळवू. आधी पाय इकडे. ठेव माझ्या या चांगल्या पायावर. खाली बघू नकोस, डोळे मीट. हं, सांग.

फ्रेन्झ : गरम आहे.

लिओनी : पाय गरमच असतो. अंदाजाने बोलू नकोस.

फ्रेन्झ : लोकरीचा मोजा आहे. थांब, बोलू नकोस… अंगठ्यापाशी रफू केलंय. गाठ लागतेय.