चटका गाठीला, जळतो मी

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील पाहुणे, रुग्णालयातील सहकारी, आज आपला निरोप घेणारे आमचे सुईवाले डॉक्टर, आणि पहिल्या रांगेत बसलेली माझी बायको,

निरोपाच्या भाषणात गोड बोलावं असा संकेत आहे. मी पडलो सर्जन. उभी हयात लोकांची पोटं उघडण्यात गेली, पण यांचं कौतुक करायचं म्हटलं की माझ्याच पोटात दुखतं.

का दुखू नये? माझा पेशंट खोकताना पोटाला उशी धरून, टाके सांभाळत घरी जातो. यांचा पेशंट दुसऱ्या दिवशी छोटीशी पट्टी लावून चालत निघतो आणि वर विचारतो, "झालं पण?" स्कॅनच्या पडद्यावर बघत बरगड्यांमधून सुई घालायची, तिचं टोक तापवायचं आणि यकृतातली गाठ जागच्या जागी जाळायची. "एक चटका बसेल," हे सांगतात, "तोही गाठीला. तुम्ही गुंगीत असाल." लोक हसत आत जातात हो! माझ्याकडे कुणी हसत आलंय कधी? गाठ एकदाच जळते, मी रोज जळतो.

मग हिच्याच यकृतात गाठ निघाली. लहान होती, सुईनं भागणार होतं. मला हायसं वाटलं आणि, आता काय लपवायचं, रागही आला.

यांच्याकडून चटका घेऊन घरी आल्यावर तिचा उजवा खांदा दुखू लागला. मी धावलो. "अहो, बसा," ती म्हणाली, "ते म्हणालेच होते. यकृत चिडलं की खांदा बोलतो. थोडे दिवस कणकण येईल, थकवा येईल. ताप चढला किंवा पोट फार दुखलं, तरच फोन करायचा." अहो, हे मला ठाऊक नव्हतं का? पण मी सांगितलं असतं, तर "तुमचं आपलं काहीतरीच" म्हणाली असती.

महिन्यानं स्कॅन झाला. जळालेली जागा स्वच्छ, शेजारी मात्र नवा ठिपका. असं होऊ शकतं आणि चटका पुन्हा देता येतो, हेही यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण डॉक्टर, तुम्ही निघालात, आणि ही म्हणते, दुसऱ्या कुणाची सुई नको. कॉरिडॉरमध्ये तुम्हाला विचारायला माझी जीभ रेटली नाही. म्हणून इथे माईकसमोर विचारतो, जाण्याआधी तेवढी एक सुई घालाल का?

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचा मी ऋणी आहे. निरोप द्यायला उभा राहिलो आणि कामच सांगून बसलो, तेवढं पदरात घ्या. डॉक्टर, तुमचा हेवा मला अजून पुष्कळ वर्षं करायचा आहे. त्यासाठी ही घरात हवी.