ताईचं औषध

—नाही, नाही दिलीपराव, शाल नको, श्रीफळ नको, आणि ते ‘कॅन्सरवर विजय मिळवणारी कलकत्त्याची मराठी कन्या’ तर मुळीच नको. बॅनर छापायला टाकला असेल तर आजच्या आज थांबवा. रागावू नका हो. बसा, चहा सांडेल. तुम्ही मंडळाचे सेक्रेटरी, चार डोकी गोळा करून इथे कार्यक्रम उभे करता, मला का कळत नाही? पण कन्या? साठी उलटली माझी! आणि विजय कसला, कुणावर? फोन त्यानेच केला ना तुम्हाला, उन्मेषने? वाटलंच मला. ‘ताईचा सत्कार करा, मी स्वतः स्टेजवर येतो, मीच जिवंत पुरावा’ — अस्संच म्हणाला? माझा भाऊ ना तो, लहानपणापासून हेच, मला शाळेत बक्षीस मिळालं की गल्लीत दवंडी हा पिटायचा. नाही, आपलं बोलणं आत जायचं नाही, आतल्या खोलीत टीव्हीवर क्रिकेट चाललंय त्याचं, आणि आवाज असा मोठा केल्याशिवाय त्याला मॅच दिसतच नाही. बाबांच्या रेडिओचंही तेच करायचा.

स्टेजवर नाही आणता येणार त्याला. का म्हणजे? खोलीतून बाथरूमपर्यंत मी आणि नर्स दोघी धरून नेतो, स्टेज कुठलं घेऊन बसलात. फोनवर आवाज छान वाटला असेल — आवाज छानच आहे त्याचा, आवाजावर जाऊ नका. बायको, शकुन, गेल्यावर बराकपूरला एकटाच राहायचा, खोकला निघाला तरी महिनोन् महिने कुणाला सांगितलं नाही, मग मीच उचलून बालीगंजला माझ्याकडे आणला. अहो, औषध आहे. औषध खरंच आहे, पेपरात आलं ते खोटं नाही. पण कॅन्सर म्हणजे काही एक माणूस नाही की एका गोळीत आडवा झाला. कसं सांगू तुम्हाला — पेशीवर एक बटण आहे असं समजा, ‘वाढ’ म्हणून सांगणारं. काही काही आजाऱ्यांत ते बिघडतं, दाबलेलंच राहतं, पेशी वाढतच सुटतात. आमची गोळी नेमकी त्या बिघडलेल्या बटणावर जाऊन बसते, दुसरीकडे कुठे फारशी ढवळाढवळ नाही. सगळं आयुष्य गेलं माझं त्या एका बटणापाशी, दिलीपराव. आई म्हणायची, लग्न राहिलं हिचं. राहिलं नाही, मीच राहू दिलं, वेळ कुठे होता? पण ज्याच्या गाठीत ते बिघडलेलं बटणच नाही, त्याला आमची गोळी म्हणजे खडूचा तुकडा.

उन्मेषच्या गाठीत ते नाही.

पुन्हा तपासलं तर! बाहेर तपासलं, परत तपासायला लावलं, मग माझ्या लॅबमध्ये माझ्या हाताने केलं. चूक नव्हती. जगात इतक्या जणांत सापडतं ते, माझ्याच भावात सापडू नये? बेहालाची एक बाई आहे, आमच्या ट्रायलमधली, मुलीच्या लग्नात नाचली म्हणे, शोधत शोधत मिठाईचा डबा घेऊन लॅबमध्ये आली, माझे पाय धरायला वाकली. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? आलं की हिलाच का? हिला लागू पडतं, मग त्याला का नाही? डबा तसाच लॅबमधल्या मुलांना वाटून टाकला.

घ्या ना बिस्किट. — नाही, त्याला माहीत नाही. त्याला वाटतं तो माझंच औषध घेतोय. उलटी थांबायच्या पांढऱ्या गोळ्या आहेत हो त्या, पण घेण्याआधी प्रत्येक गोळी कपाळाला लावतो — ‘ताईचं औषध’ म्हणून. मी पाण्याचा पेला धरून समोर उभी असते.

कसं काय झालं हे, विचारताय. विचारू नका. — विचारा, तुम्ही तरी विचारा, दुसरं कोण विचारतंय. त्याच्या छातीत पाणी भरलं, ते काढलं, तर हाच म्हणाला, ‘घेऊन जा ताई, फेकण्यापेक्षा तुझ्या कामाला येईल,’ आणि सहीसुद्धा केली. त्या पाण्यात त्याच्या पेशी असतात, त्याच त्या, आजाराच्या. त्या लॅबमध्ये वाढवून बघायच्या, त्यांच्यावर हे घाल, ते घाल, काही चालतं का बघ. बहुतेक वेळा जगत नाहीत. अंगाबाहेर काढल्या की दोन दिवसांत मान टाकतात. उबेत ठेवायच्या, वरचं ते गुलाबी पाणी दिवसाआड बदलायचं — आम्ही त्याला खायला घालणं म्हणतो. त्याला रविवार नाही, सुट्टी नाही. दुर्गापूजेत अष्टमीला सगळं कलकत्ता देवीला फुलांची अंजली द्यायला जातं आणि आमच्यातली कुणीतरी नवी साडी नेसून लॅबमध्ये पेशींना खायला घालत असते. तर एका सकाळी कादंबरी, माझी विद्यार्थिनी, सूक्ष्मदर्शकातून बघून ओरडलीच, ‘वैदेहीदी, की शुंदोर!’ — किती सुंदर म्हणून. मी पण डोळा लावला. आणि दिलीपराव, मी हरखले हो! अशा भरलेल्या, टवटवीत, काचेला घट्ट धरून बसलेल्या! सवय, दुसरं काय. इतकी वर्षं पेशी जगल्या की आम्ही खूश, मेल्या की आमचं काहीतरी चुकलं. येताना गरियाहाटला उतरून मिठाईवाल्याकडून संदेश घेतला. संदेश! जिना चढताना डोक्यात उजेड पडला की अगं बये, कशाचा आनंद करते आहेस? पण तोंडावरचं हसू पुसायच्या आत दार उघडलं त्यानेच, तेव्हा उठत होता तो. हातातला पुडा बघितला, माझं तोंड बघितलं, म्हणाला, ‘चाललं ना ताई तुझं औषध? मला माहीतच होतं.’ आणि मी हो म्हणाले.

त्या पेशींवर काहीच चाललं नाही. माझंही नाही, दुसऱ्या कुणाचंही नाही. पण मी जाते, दिवसाआड जाते, खायला घालते, आणि त्या खातात. इथे हा दोन चमचे पेज घेऊन तोंड फिरवतो, ती भाताची पेज, आईच्या हातची म्हणून आवडायची ती. पेशींवर ब्लीच ओतलं की संपलं, कादंबरीही म्हणते टाकून देऊ या. मला नाही टाकवत. ज्यांनी त्याला खाल्लं त्याच, माहीत आहे मला. पण उद्या हा नसेल, तेव्हा त्याच्यातलं जिवंत असं तेवढंच उरणार आहे, आणि ते माझ्या हातचं खात असेल.

रडत नाहीये. चष्म्याची काच.

खरं दुखणं ते नाहीच. सई. त्याची मुलगी, बंगलोरला असते ना. निघाली होती ती, तिकीटसुद्धा काढलं होतं. यानेच फोनवर सांगितलं, ‘ताईचं औषध लागू पडलंय, उगाच रजा फुकट घालवू नकोस, पूजेला ये निवांत.’ मला फोन दिला तर ती म्हणते, ‘आत्या, बाबाची तब्येत आता बरा आहे ना?’ मराठी तिचं असंच, इथे वाढलेल्या पोरांचं. मी काय म्हणाले? ‘बरा आहे गं.’ आणि डॉक्टर मला म्हणतात, पूजेची वाट बघू नका. समोर पूजेच्या मंडपाचे बांबू बघा कुठवर चढले, रोज सकाळी खिडकी उघडायची भीती वाटते. सईला खरं सांगितलं तर ती धावत येईल, ती आली की याला कळेल, आणि कळलं की कपाळाला गोळी लावणं संपलं. नाही सांगितलं, तर पोरीला बापाचं तोंड दिसणार नाही. माझ्यामुळे. त्या हसण्यामुळे. सांगा, काय करू? नको, तुम्ही काही सांगू नका, तुम्ही काय सांगणार —

काय झालं? असे दाराकडे काय बघताय?

टीव्ही. टीव्ही कधी बंद झाला? — मघाशीच? मघाशी म्हणजे केव्हा, आणि तुम्ही मला बोलू दिलंत?

उन्मेष? झोपलास का रे? — हो, आहेत अजून, दिलीपराव. — काय? पुन्हा बोल, ऐकू नाही आलं. — फोन? — हो. हो रे, आत्ता लावते सईला, आत्ताच्या आत्ता. ये म्हणते. — नाही रे बाळा, मी कुठे रडतेय.

तुम्ही या आता, दिलीपराव. तुम्ही दाखवायला आणलेली ती शाल राहू दे इथेच, पायांवर घालते त्याच्या. जाताना दार ओढून घ्या.